नेट तुटल्यावर ओपनटोफूने दोन सर्व्हर बनवले. हा बग म्हणून नोंदवावा की फीचर रिक्वेस्ट टाकावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळजवळच्या घरून काम करताना ओपनटोफूचा (कोड लिहून क्लाउडवर सर्व्हर वगैरे उभारणारं टूल) अप्लाय, म्हणजे प्रत्यक्ष उभारणी, चालू असतानाच नेट गेलं, लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) अडकून राहिलं, ते जबरदस्तीने सोडवून पुन्हा अप्लाय केलं तर ईसीटूवर (एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडची सर्व्हर देणारी सेवा) एकाऐवजी दोन सर्व्हर उभे. ओपनटोफूकडे इश्यू (तक्रारीची नोंद) टाकलात, तो 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून बंद झाला. इंग्रजी कच्चं म्हणून कुणी लक्ष देत नाही का, अशीही शंका तुम्हाला आहे.

मी रत्नागिरीहून हेच काम करतो, पावसाळ्यात लाईट आणि रेंज एकदमच जाते हे रोजचं आहे. तुमचा अनुभव खरा आहे यात मला शंका नाही. पण तुमच्या इश्यूत दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

लॉक अडकणं हा बग नाही. लॉक सोडायलाही नेट लागतं, ते नव्हतं. ठराविक वेळाने लॉक आपोआप सुटावं अशी मागणी मनात येईल, पण पहिली प्रक्रिया दुसरीकडे जिवंत असेल तर दोघी एकाच स्टेटवर (काय काय उभारलंय याची टूलची नोंद) लिहितील आणि ते निस्तरणं फार जड जातं.

दोन सर्व्हरचं मात्र नीट खोदून काढा. आधी कामाच्या फोल्डरमध्ये 'एररड डॉट टीएफस्टेट' नावाची फाईल आहे का पाहा. नेटवरच्या साठ्यात स्टेट पाठवता आली नाही की ओपनटोफू ती तिथे लिहून ठेवतं आणि नंतर 'स्टेट पुश' करून पाठवायला सांगतं. ती फाईल असेल तर पहिला सर्व्हर त्यात नोंदलेला असणार, आणि ती पुश न करता पुन्हा अप्लाय झाल्यामुळे दुसरा बनला. मग बगची तक्रार टिकणार नाही. पण त्यातूनच एक चांगली फीचर रिक्वेस्ट निघते: अशी फाईल फोल्डरमध्ये पडलेली असताना पुढचा अप्लाय सुरू होण्याआधी टूलने थांबवून विचारावं. आधी कुणी ती मागितली आहे का ते शोधा. असेल तर नवा इश्यू न उघडता तुमचा प्रसंग तिथेच लिहा.

फाईल नसेल तर क्लाउडट्रेल (एडब्ल्यूएसकडे गेलेल्या विनंत्यांची नोंदवही) उघडा. तिथल्या इव्हेंट हिस्टरीत मागच्या ९० दिवसांच्या नोंदी मिळतात. 'रन इन्स्टन्सेस'च्या (सर्व्हर सुरू करण्याची विनंती) दोन नोंदी काढून वेळ आणि क्लायंट टोकन (विनंतीची ओळखखूण) ताडून बघा. तेच टोकन घेऊन तीच विनंती पुन्हा गेली तर ईसीटू दुसरा सर्व्हर बनवत नाही. त्यामुळे एकाच अप्लायमध्ये दोन वेगळ्या टोकनांनी दोन सर्व्हर झाले असतील, तर हा पक्का बग. लॅपटॉपच बंद पडून दुसरा सर्व्हर दुसऱ्या अप्लायमध्ये झाला असेल, तर कथा वेगळी. मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) हाच फरक हवा असतो. आणि इश्यू ओपनटोफूकडे नको, एडब्ल्यूएस प्रोव्हायडरच्या (ओपनटोफूला एडब्ल्यूएसशी जोडणारा भाग) रिपॉझिटरीत टाका. सर्व्हर बनवण्याचा कोड तिथे आहे.

आता 'आमच्याकडे होत नाही' याबद्दल. त्यांच्याकडे खरंच होत नसणार, कारण त्यांचं नेट मधेच जात नाही. 'आमच्या भागात नेट वाईट आहे' या वाक्यावर त्यांना काही करता येत नाही. लिनक्सच्या एका व्हर्च्युअल मशीनवर नेटेम (मुद्दाम नेट बिघडवून बघायचं साधन) लावा, समजा २५ टक्के पॅकेट गळू द्या किंवा अप्लाय सुरू झाल्यावर १०० टक्के, आणि एकाच सर्व्हरची लहानात लहान कॉन्फिगरेशन चालवा. तेव्हाही घडलं, की नेटेमची ती ओळ, ती कॉन्फिगरेशन आणि दोन्ही व्हर्जन इश्यूत द्या. जगात कुठेही बसून कुणालाही आपला पाऊस तयार करता येईल. कोकणातल्या माणसाने द्यावं असं योगदान मला हेच वाटतं. अशा जाळ्यावर रोज काम करणारे मेंटेनर फारच कमी.

इंग्रजी साधं चालतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आधी मराठीत लिहून घ्या, मग छोट्या वाक्यांत उतरवा. ही अडचण फक्त तुमची नाही: २०१६च्या जानेवारीत अनेक मेंटेनरनी गिटहबला (कोड आणि इश्यू ठेवण्याची साइट) खुलं पत्र लिहून अपुऱ्या माहितीचे इश्यू आणि नुसत्या 'प्लस वन'च्या ('मलाही हवं') ढिगाबद्दल गाऱ्हाणं मांडलं, त्यानंतर त्याच वर्षी इश्यू टेम्प्लेट आणि अंगठ्याची प्रतिक्रिया आली. म्हणून पाठिंबा अंगठ्याने द्या, टेम्प्लेट पूर्ण भरा. उत्तराला वेळ लागेल हेही धरून चाला. स्टेट एन्क्रिप्ट करण्याची मागणी टेराफॉर्मकडे (ओपनटोफू ज्यातून निघालं ते टूल) अनेक वर्षं होत होती, ती २०२४मध्ये ओपनटोफू १.७मध्ये पुरी झाली.

स्टेट फाईल इश्यूला कधीही जोडू नका, त्यात पासवर्ड उघडे असू शकतात. 'ट्रेस' लॉगही (टूलची सविस्तर नोंद) टाकण्याआधी चाळून घ्या. तो जास्तीचा सर्व्हर अजून चालू असेल तर स्टेटमध्ये नसल्यामुळे 'डिस्ट्रॉय'ने तो जाणार नाही आणि बिल चढत राहील. एररड फाईल असेल तर आधी तिची प्रत बाजूला ठेवा, सुरू झाल्याची वेळ आणि आयडी लिहून घ्या, मगच कन्सोलवरून तो काढून टाका.