सात दिवस कशासाठी?

प्रश्न : धाकट्या भावाचं लिव्हर दारूमुळे निकामी झालंय, डोळे हळदीसारखे पिवळे आहेत. स्टेरॉइड सुरू केलंय. डॉक्टर म्हणतात, सात दिवसांनी सांगू. ते टाळतायत का?
– एक ताई, सांगली

उत्तर : नाही हो ताई. बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं रक्तातलं द्रव्य) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) यांवरून मॅड्रे स्कोअर काढतात; ३२ किंवा जास्त म्हणजे आजार गंभीर. पण औषध लागू पडतंय का, हे त्यातून कळत नाही. म्हणून सातव्या दिवशी बिलिरुबिन पुन्हा तपासून लील स्कोअर काढतात. तो ०.४५ पेक्षा कमी आला, तर आशेला चांगली जागा आहे. जास्त आला, तर स्टेरॉइड सहसा थांबवतात. तेव्हा प्रत्यारोपणाबद्दल लगेच विचारा, संकोच करू नका. तोवर ताप आला तर त्याच क्षणी कळवा. जंतुसंसर्गाची मला स्कोअरपेक्षा जास्त धास्ती वाटते.