वाचकांचे प्रश्न : मोहाची फुलं आंबतात का?

प्रश्न : मार्चमध्ये पेठ तालुक्यातून दोन किलो ताजी मोहाची फुलं आणली, धुऊन गॅलरीत वाळवली. तिसऱ्या दिवशी चिकट झाली, आंबूस वास सुटला. कुठे चुकलं?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : फुलं पिशवीतून आणली असतील तर घोटाळा घरी पोचण्याआधीच सुरू झाला. मोहाचं फूल म्हणजे गोड पाण्याने भरलेली फुगीर वाटी. दाबलं, घामेजलं की काही तासांत आंबायला लागतं. त्यात तुम्ही ती धुतलीत. धुवायची ती वापरण्याआधी, वाळवण्याआधी नव्हे.

फुलं पहाटेपासून गळतात. ऊन चढायच्या आत वेचून बांबूच्या टोपलीत, सैल ठेवायची. झाडाखाली जुनी साडी अंथरली तर माती लागत नाही. वेचणं सोपं जावं म्हणून पालापाचोळा जाळतात, त्यात मोहाची रोपंही जातात, ते टाळावं. गळालेलं फूल वेचल्याने फळ मात्र कमी होत नाही, कारण फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. झाडं बहुधा कुणाच्या तरी बांधावरची किंवा पाड्यातल्या घरांनी वाटून घेतलेली असतात, तेव्हा आधी विचारा.

खाटेवर किंवा चटईवर एकच थर पसरा, दिवसातून दोनदा हलवा. संध्याकाळी घरात घ्या, नाहीतर दव पडून पुन्हा ओलावतात. कडक उन्हात चार-पाच दिवस लागतात. रंग मनुकांसारखा तांबूस-तपकिरी झाला की मूठभर दाबून बघा : मूठ उघडल्यावर गोळा सुटला तर झालं, चिकटून राहिला तर आणखी एक ऊन द्या. मग चाळणीवर चोळा, आतले केसर गळून पडतात. ते राहिले तर घशाला खवखवतं. दोन किलोची जेमतेम अर्धा किलो फुलं उरतील, आणि घट्ट झाकणाच्या बरणीतच टिकतील. आंबलेली टाकून द्या.

भाकरीसाठी एक वाटी फुलं गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा, दोन वाट्या नाचणीच्या पिठात मळा. पाणी आधी घालू नका, गोडीने पीठ सैल होत जातं. आच मंद, नाहीतर तव्याला लागून करपते.

प्रश्न : कांचनाच्या कळ्यांची भाजी तुरट झाली. का?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : उकळलेलं पाणी भाजीतच राहिलं असावं. घट्ट, हिरव्या कळ्या घ्या, देठ काढा, मीठ घालून सहा-सात मिनिटं उकळा, पाणी फेकून घट्ट पिळा. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ. फुलताना कांचनाला पानं जवळपास नसतात, म्हणून ओळख पटवायला झाडाखाली वाळकं पान शोधा : टोकाशी दुभंगलेलं, उंटाच्या पावलासारखं. रहदारीच्या रस्त्याकडेच्या झाडाच्या कळ्या मात्र घेऊ नका.