कोकेन सोडल्यावर लक्ष लागत नाही: जीनच्या आधी चालू गोळ्या तपासा

ताई, भावाचं कोकेन सुटून दीड महिना झाला, हिंजवडीत कामावर रुजू झाला, पण मीटिंगमधलं डोक्यात राहत नाही. म्हणून जीनची टेस्ट करून मोडाफिनिल, म्हणजे जागं ठेवणारी गोळी, सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. टेस्टवर आत्ता पैसे घालवू नका.

अशा रिपोर्टमध्ये बहुधा कॉम्ट जीन असतो. त्याचं एन्झाइम मेंदूच्या पुढच्या भागातलं डोपामिन, म्हणजे लक्ष लागायला लागणारं रसायन, मोडतं. व्हॅल प्रकारात भरभर, मेट प्रकारात सावकाश. म्हणजे मेटवाल्यांची तात्पुरती स्मरणशक्ती सरस हवी; पण अनेक अभ्यास एकत्र पाहिले की फरक जेमतेम उरतो. त्यावरून एकट्या माणसाची गोळी ठरत नाही. डायसल्फिराम या दारू सोडवायच्या गोळीबाबत डीबीएच नावाच्या दुसऱ्या जीनचा संबंध एका अमेरिकन चाचणीत दिसला, पण तो कोकेन कमी होण्याशी, एकाग्रतेशी नव्हे.

आधी सध्याच्या गोळ्या बघा. झोपेसाठी दिलेलं क्लोनाझेपाम किंवा हात थरथरतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, दोन्हींमुळे स्मरण मंदावतं. क्लोनाझेपाम मात्र घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा.

मग झोप, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. कोकेन सुटल्यावरच्या आठवड्यांत माणूस ‘झोप मस्त लागते’ म्हणतो, पण यंत्रावर मोजली तर ती कमी भरते. म्हणून त्याच्या शब्दावर न जाता दोन आठवडे झोपण्याउठण्याच्या वेळा वहीत लिहा.

मोडाफिनिल 200 मिलिग्रॅमने छोट्या चाचणीत तात्पुरती स्मरणशक्ती सुधारली, हे खरं. पण कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, एकही औषध मंजूर केलेलं नाही, हेही खरं. डॉक्टरांनी दिलीच तर सकाळी घ्यायची. दुपारनंतर घेतली की रात्रीची झोप जाते, म्हणजे मूळ दुखणंच वाढतं. रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी कधी भास किंवा उन्माद झाला असेल तर आधीच सांगा. अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा. मित्राच्या पाकिटातली गोळी तर नकोच.

स्मरण आणि लक्ष तपासणारी मॉका चाचणी 30 गुणांची असते. शिकलेल्या तरुणाला 28 पडूनही कामात अडचण येऊ शकते, त्यामुळे गुण चांगले म्हणून तक्रार खोटी ठरवू नका. पुन्हा करताना वेगळी प्रत मागा, सरावानेच गुण वाढतात.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि झोपेची वही बरोबर न्या. दारू चालू असेल तर तेही लपवू नका. मध्ये काही बिघडलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्रीही चालू असतो.