फुटबॉल खेळणं थांबलं, आता कोचिंगला उतरतोयस तर

गुडघ्याने साथ सोडली म्हणून खचू नकोस. खालिद जमील मुंबई एफसीकडून खेळायचा थांबला आणि २००९ मध्ये त्याच संघाचा कोच झाला. २०१६-१७ ला त्याने ऐझॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, जिंकून दिली, २०२५ मध्ये भारतीय संघ त्याच्याकडे आला. तेव्हा घाई नको.

आधी कोचिंगचं सुरुवातीचं डी लायसन्स कर. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे महाराष्ट्राची फुटबॉल संघटना, तिच्या कोर्सवर लक्ष ठेव. नाशिकला नसेल तर मुंबई-पुण्याला जायचं. तिथून पुढे सी, बी, ए आणि प्रो.

तोवर सिडको-सातपूरची पोरं घेऊन सुरुवात कर. खेळाडू म्हणून तुला जे आपोआप जमायचं, ते पोरांना तोडून तोडून दाखवावं लागतं, आणि खरी कसोटी तिथेच आहे. दहा वर्षांच्या पोराला पाच नंबरचा बॉल देऊ नकोस, चार नंबर दे. रांगेत उभं करून एकेकाला शूट मारायला लावू नकोस. नव्वद टक्के वेळ पोरं नुसती उभी राहतात. त्यापेक्षा छोटं मैदान आख, चार विरुद्ध चार खेळव. मग खेळ मधेच थांबव आणि विचार, ‘बॉल यायच्या आधी मागे वळून पाहिलंस का?’ उत्तर तू देऊ नकोस, त्याला शोधू दे.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की जमिनीवरच्या पासचा हट्ट सोड. एखादा हॉल मिळाला तर फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचं हॉलमधलं फुटबॉल, घे. आणि पालकांशी फीचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घे.