आयुक्त, पण आपल्याकडचे नव्हेत

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आणि जावई दीड वर्षापूर्वी अमेरिकेत सिएटलला गेले. गेल्या महिन्यात त्यांनी भाड्याने एक घर पाहिलं. मालक आपल्याच देशातले, मराठीही बऱ्यापैकी बोलणारे. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग ‘गावात घर कुठल्या बाजूला?’ दोन दिवसांनी निरोप आला, जागा गेली. जाहिरात मात्र पुढे तीन आठवडे तशीच होती. मुलगी म्हणते, इथे शहराचा मानवी हक्क आयोग आहे. मी त्या आयुक्तांना इथून पत्र लिहू का? व्हिसाला काही होणार नाही ना? आणि तिकडच्या मराठी मंडळात बोभाटा होईल, त्याचं काय?
— एक आई, नाशिक

उत्तर : पत्र लिहू नका. लिहिलंत तर कुणी रागावणार नाही, पण ते चुकीच्या टेबलावर जाईल.

आपल्या डोक्यात आयुक्त म्हणजे महापालिकेचे साहेब. दिव्याची गाडी, बाहेर शिपाई, सही झाली की काम झालं. सिएटलच्या मानवी हक्क आयोगावरच्या माणसालाही ‘कमिशनर’च म्हणतात; पण ती बाई दिवसभर शाळेत शिकवत असेल आणि संध्याकाळी बैठकीला येत असेल. पगार नाही, गाडी नाही. काहींची नेमणूक महापौर करतात, काहींची नगरपरिषद. एक जागा तर अठरा ते एकोणतीस वयाच्या तरुणासाठी असते. मी तिकडे सव्वीस वर्षं राहिले. आयोगाच्या तीन-चार बैठकांना मागच्या खुर्चीत बसून आले आहे. पहिल्या वेळी मला वाटलं, ही तर आपल्या सोसायटीची कमिटी! नंतर कळलं की काम वेगळं आहे. महापौर आणि नगरपरिषदेला हे लोक सांगतात की शहरात कुणावर कुठे अन्याय होतोय आणि कुठला नियम बदलायला हवा. सांगतात, म्हणजे सल्ला देतात. हुकूम नाही.

आयोगाची जन्मकथा ऐकलीत तर त्याचं बळ आणि मर्यादा दोन्ही कळतील. 1963 साली तिथल्या काळ्या लोकांना ठरावीक मोहल्ल्यांबाहेर घर मिळत नसे. आंदोलक महापौरांच्या कार्यालयात जाऊन ठिय्या देऊन बसले. त्याच वर्षी आयोग नेमला गेला आणि त्याने घर नाकारण्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला. नगरपरिषदेने स्वतः निर्णय घ्यायचा सोडून तो मतदानाला टाकला. मार्च 1964 मध्ये सिएटलकरांनी तो दोनास एकाहून मोठ्या फरकाने आपटला. पुढे चार वर्षं काही नाही. मग मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि 19 एप्रिल 1968 ला तोच विषय नगरपरिषदेत एकमताने मंजूर! तो मांडणारे सॅम स्मिथ हे तिथले पहिले काळे नगरसेवक. मसुदा आयोगाचा, पण कायदा व्हायला नगरसेवकच लागला.

तक्रार घेतं ते वेगळं खातं, सिएटल ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स. तिथे पगारी तपासनीस आहेत. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. तुमच्या मुलीचं म्हणणं ते लिहून घेतील, तिची सही घेतील, मालकाला नोटीस देतील, त्याची बाजू ऐकतील. मधेच समझोता झाला तर होतो. घरांच्या बाबतीत या खात्याने पूर्वी सारख्याच कुवतीची दोन माणसं भाडेकरू म्हणून पाठवून कुणाला काय उत्तर मिळतं तेही तपासून पाहिलं आहे. आणि खातं म्हणालं, ‘भेदभावाला आधार दिसत नाही’, तर अपील कुठे? त्याच बिनपगारी आयोगाकडे. तो प्रकरण फेरतपासासाठी परत पाठवू शकतो. म्हणून मुलीचं म्हणणं अगदीच चूक नाही. फक्त आयोग ही पहिली पायरी नव्हे.

आता जातीचं. 21 फेब्रुवारी 2023 ला सिएटलच्या नगरपरिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. अमेरिकेतलं असं करणारं ते पहिलं शहर. ठराव तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. नोकरी, घर, सार्वजनिक जागा, सगळीकडे तो लागू आहे. विरोधही आपल्याच लोकांनी केला, ‘इथे कुठे आहे जात?’ म्हणून. त्यांना तुमचं पत्र दाखवावंसं वाटतं.

पण दोन ठिकाणी घोडं अडू शकतं. पहिलं, ते घर खरंच सिएटलमध्ये आहे का? आपली मुलं रेडमंडला राहतात, बेलव्ह्यूला राहतात आणि घरी सांगताना ‘सिएटल’ सांगतात. ती स्वतंत्र शहरं आहेत, त्यांचे महापौर वेगळे. पुण्याचा नियम पिंपरीला लागत नाही, तसंच. घर रेडमंडला असेल तर वॉशिंग्टन राज्याच्या मानवी हक्क आयोगाकडे जावं लागेल. तो 1949 पासून आहे आणि तक्रारींचा तपास स्वतः करतो. पण राज्याच्या कायद्यात ‘जात’ हा शब्द नाही. मूळ देश, धर्म यांच्या आधाराने मांडावं लागेल, आणि ते कितपत टिकेल याची हमी मी देणार नाही. दुसरं, मालक स्वतः त्याच घरात राहून एखादी खोली देत असेल तर सिएटलच्या कायद्यात त्याला सूट आहे. अख्खा फ्लॅट असेल तर नाही.

व्हिसाची काळजी सोडा. सिएटलच्या कर्मचाऱ्यांनी माणसाची व्हिसाची स्थिती विचारत बसायचं नाही, असा शहराचा नियम 2003 पासून आहे. तक्रार केली म्हणून कुणी सूड घेतला तर तो वेगळा कायदाभंग धरतात.

मुलीला आजच करायला सांगा ते असं : मालकाचे निरोप पुसू नका, जाहिरातीचा तारखेसकट फोटो काढून ठेवा, झालेलं बोलणं मराठीत जसंच्या तसं लिहून काढा. ‘कुठल्या बाजूला’ हा प्रश्न तिथल्या तपासनिसाला निरुपद्रवी वाटेल. गावकुस त्याला माहीत नाही, कुठली वस्ती कुठल्या दिशेला आणि का, हेही नाही. ते तुम्ही लिहून द्या. तुमच्या गावाचा साधा नकाशा काढा : देऊळ इथे, विहीर इथे, आमचं घर इथे. इथून तुम्ही करू शकाल असं सगळ्यांत उपयोगाचं काम हेच. आणि वर्ष उलटू देऊ नका, घराच्या तक्रारीला तेवढीच मुदत असते.

मंडळाचं म्हणाल तर बोभाटा होईल, खोटं कशाला सांगू? गणपतीच्या जेवणात दोन जणी लांबच्या टेबलावर बसतील. मी स्वतः वर्षानुवर्षं नव्या आलेल्यांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारत असे, आणि उत्तर ऐकून मनात खण पाडत असे. एकदा एका मुलीने हसून विचारलं, ‘काकू, गाव हवंय की जात?’ त्यानंतर मी तो प्रश्न बंद केला. तेव्हा काय करायचं ते तुमच्या लेक-जावयाने ठरवायचं आहे. तुम्ही नाही, मी तर मुळीच नाही.

त्या जागेचा पूर्ण पत्ता मात्र मागवून घ्या, शहराच्या नावासकट, आणि मला कळवा.