बंद घराला गिऱ्हाईक येत नाही

भाऊ, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: जळगावात हायवेच्या पलीकडे, गेट असलेल्या वसाहतीत तुमचा पाच वर्षांपूर्वी घेतलेला बंगला आहे. क्लब हाऊस, बाग, आखीव रस्ते, सगळे बंगले एकाच नकाशाचे. पुढच्या ऑगस्टात तुम्ही, वहिनी आणि मुलगी इकडे अमेरिकेत, डॅलसला येणार. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) मुहूर्तावर गिऱ्हाईक मिळेल म्हणून तोवर थांबावं, की किल्ली मोठ्या भावाकडे ठेवून निघावं आणि इथून सावकाश विकावं? शिवाय बिल्डरचा दुसरा टप्पा शेजारीच उभा राहतोय, त्याच्यापुढे आपल्या घराची जाहिरात कशी करावी?

मी दोन्ही अनुभव घेतलेत, म्हणून सविस्तर लिहिते. २०१३ मध्ये आम्ही जळगावचं घर बंद करून निघालो आणि ते २०१९ मध्ये इथून विकलं. नंतर ह्यूस्टनजवळच्या अशाच आखीव वसाहतीतलं, २०१६ ला घेतलेलं घर २०२३ मध्ये विकलं. दोन्ही व्यवहारांनंतर माझं मत पक्कं झालंय: घर राहतं असतानाच विका. तुम्ही तर आखाजीचीही वाट पाहू नका, मार्चअखेर खरेदीखत होईल असं बघा.

मार्च का, ते आधी सांगते, कारण हा थेट पैशाचा मामला आहे आणि निघायच्या गडबडीत कोणी तो समजावून सांगत नाही. इन्कमटॅक्सच्या हिशेबात माणूस एनआरआय, म्हणजे अनिवासी, ठरतो तो विमानात बसल्याच्या तारखेवरून नव्हे, तर त्या आर्थिक वर्षात तो भारतात किती दिवस होता यावरून. नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला रहिवासी ठरायला १८२ दिवस भरावे लागतात. १ एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तुमचे जेमतेम दीडशे भरतील. म्हणजे आखाजीला, जळगावातच राहत असताना, तुम्ही खरेदीखत केलंत तरी ते अख्खं वर्ष तुमचं एनआरआयचं धरलं जाणार.

त्याने फरक काय पडतो? रहिवासी माणसाने घर विकलं आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली, तर घेणारा १ टक्का टीडीएस (किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो, विषय संपला. विकणारा एनआरआय असेल तर नफ्यावरच्या कराच्या दराने, आज साडेबारा टक्के आणि वर सेस, कपात होते. आणि आधी अर्ज करून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नसेल तर घेणारा ती पूर्ण किमतीवरच करतो. दुसरी गोष्ट, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी रहिवाशाला दोन पर्याय आहेत: महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, किंवा न लावता साडेबारा. ज्यात कर कमी बसेल ते घ्यायचं. एनआरआयला ही निवड नाही.

आमचं घर ४८ लाखांना गेलं. तेव्हाच्या दराने घेणाऱ्याने जवळजवळ १० लाख कापले. निर्देशांक लावून हिशेब केला तर आमचा नफा शून्य होता, कर काहीच लागत नव्हता. पण ते १० लाख परत यायला वर्षावर काळ गेला, आणि त्याच काळात इथे आम्हाला घरासाठी पैसे उभे करायचे होते. निघण्याची तारीख ऑक्टोबरात ढकलता येत असेल तर १८२ दिवस भरतात आणि गणित बदलतं. तुमच्या तारखा आणि खरेदीचे कागद घेऊन या आठवड्यातच सीएकडे बसा.

आता किल्ली भावाकडे देण्याबद्दल. आम्ही तेच केलं होतं. माझा भाऊ मनापासून लक्ष ठेवायचा, महिन्यातून एकदा जाऊन झाडलोट करून यायचा. तरीही बंद घर ते बंद घर. माळ्यावर वाळवी लागली, बोअरची मोटर जाम झाली, दारं पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकली. अमळनेरकडचं एक कुटुंब बघायला आलं तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर होते. सगळे जण बेडरूम, गॅलरी बघत फिरत होते. त्यांची आजी मात्र सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने ओट्यावरचा नळ सोडला. आधी खडखड आवाज, मग गंजाचं लालसर पाणी, मग नुसती हवा. तिने नळ बंद केला, भिंतीला तळहात लावून पाहिला आणि सुनेला म्हणाली, "बठ्ठं चांगलं शे, पन घर सुनं शे." म्हणजे सगळं चांगलं आहे, पण घर ओसाड आहे. माझं माहेर त्याच बाजूचं, तिला काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. ते लोक परत आले नाहीत. अशी पाच-सहा गिऱ्हाईकं गेल्यावर आम्ही किंमत उतरवली.

तेव्हा तुमच्या घरात चूल पेटलेली असताना, तुळशीला पाणी घातलेलं असताना लोकांना बोलवा. अंगणात मुलीची सायकल असू द्या. सामान मात्र निम्मं कमी करा. जे विकायचं, वाटायचं ते आत्ताच काढा, कारण कोंबलेलं कपाट उघडलं की घर लहान वाटतं.

ह्यूस्टनला आमच्याच गल्लीत त्याच नकाशाची तीन घरं विक्रीला होती, आणि बिल्डर पुढच्या भागातल्या नव्या घरांवर कर्जाचं व्याज कमी करून देत होता. तुमच्यासारखीच अवस्था. आमच्या एजंट बाईंनी पहिल्या भेटीत फोटोबिटो काही काढले नाहीत. एक कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, शेजारच्या घरात नाही असं या घरात काय आहे ते लिहा. क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, तळं हे सगळ्यांचंच, ते लिहायचं नाही. आम्ही बराच वेळ बसलो आणि शेवटी दोनच ओळी लिहिल्या. पश्चिमेला सात वर्षांचं ओकचं झाड आहे, त्यामुळे जुलैच्या दुपारीही मागची खोली तापत नाही. आणि २०१७ च्या हार्वे वादळात या घरात पाणी शिरलं नव्हतं. तिथे घर बघायला येणारा प्रत्येक जण हार्वेचंच विचारतो, आणि टेक्सासात विकणाऱ्याला पुराची माहिती फॉर्मवर लिहून द्यावी लागते. आम्ही त्या ऑगस्टचे रस्त्याचे आणि उंबरठ्याचे फोटो जपून ठेवले होते, ते फाइलला लावले. तीन घरांत आमचं आधी गेलं.

जळगावात हार्वेच्या जागी पाणी आणि ऊन आहे. या दोन गोष्टींवर तुमची सगळी जाहिरात उभी करा. महापालिकेचं पाणी येतं की वसाहतीचा बोअर आहे, किती दिवसांनी येतं, खालची टाकी किती लिटरची, गेल्या मे महिन्यात टँकर किती मागवले, हे आकड्यांत लिहा. टँकर मागवले असतील तर तेही लिहा. शेजारी सांगणारच आहेत, तुमच्याकडून कळलं तर विश्वास बसतो. उन्हाचं तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली झोपण्यालायक राहते का, हे गिऱ्हाईक तोंडाने विचारत नसलं तरी मनात तोच प्रश्न असतो. एप्रिल, मे, जूनची लाईट बिलं काढून ठेवा. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग दिला असेल तर त्याची पावती ठेवा. घर दाखवायला दुपारी चारनंतर बोलवा आणि त्यांना त्याच खोलीत बसवून चहा द्या. गच्चीही दाखवा. आपल्याकडच्या बायका गच्ची बघतात ती कुरडया-पापड वाळवायला जागा किती आणि नळ वर आहे का म्हणून.

बिल्डरच्या दुसऱ्या टप्प्याला घाबरू नका. ते घर अजून बांधायचंय, म्हणून घेणाऱ्याला त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. तुमच्या राहत्या घराच्या फेरविक्रीवर तो नाही. ८० लाखांवर हे ४ लाख झाले. त्यात ग्रिल, किचन ट्रॉल्या, पंखे, गीझर, बोअर, पडदे, अंगणातली फरशी आणि ताबा मिळेपर्यंतचं घरभाडं मिळवा. एका कागदावर दोन उभे रकाने करा आणि दोन्ही घरांत राहायला जाईपर्यंतचा पूर्ण खर्च मांडा. हा कागद प्रत्येकाच्या हातात द्या. आमच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं. खरेदी घरातल्या बाईच्या नावावर केली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तेही त्यातच लिहा. आणि क्लब हाऊसची जाहिरात करायचीच असेल तर ते चालू आहे हे दाखवा: सोसायटीची नोंदणी, महिन्याचा मेंटेनन्स किती, ओपन स्पेस कोणाच्या नावावर. आखीव वसाहतीत माणूस या व्यवस्थेचे जास्तीचे पैसे देतो, तेव्हा ती कागदावर दिसली पाहिजे.

कागदांची फाइल आधी, फोटो नंतर. प्लॉटचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका, एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर ले-आऊट आणि बांधकाम नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, तुमचं खरेदीखत आणि सूची दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), चालू घरपट्टी, सोसायटीचा ना-हरकत दाखला. तुमचं कर्ज चालू आहे असं लिहिलंय, म्हणजे सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असेल. बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आत्ताच मागवा. तुमच्या वसाहतीत कोणत्या बँकांनी आधी कर्ज दिलंय ते शेजाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, घेणाऱ्याचे दोन-तीन आठवडे वाचतात.

गिऱ्हाईक कुठून येईल? पुण्या-मुंबईत चालणाऱ्या साइटवर जाहिरात टाका, पण तेवढ्यावर राहू नका. अशा वसाहतीत घर घेणारी माणसं आपण ओळखतो: मुलांच्या शाळा-क्लाससाठी जळगावात येऊ बघणारे रावेर-यावलचे केळी बागायतदार, डॉक्टर जोडपी, सराफ बाजारातली कुटुंबं, भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि पुण्यात नोकरी करून आई-वडिलांसाठी घर शोधणारी मुलं. यांच्यापर्यंत बातमी जाते ती समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, लग्नाच्या मांडवातून, क्लासच्या गेटवरून. त्यामुळे मजकूर एकच ठेवू नका. बागायतदाराला सांगा की पोर्चमध्ये गाडी राहून बाहेर पिकअप लागतो आणि ओट्यावर चार माणसं बसतात. निवृत्तांना खालच्या मजल्यावरची बेडरूम आणि कमोड दाखवा. पुण्यातल्या मुलाला सात-आठ मिनिटांचा, न तोडलेला व्हिडिओ पाठवा: गेटपासून सुरुवात, रस्ता, घर, नळ सोडून दाखवलेला, गच्ची. फोटो सकाळच्या उजेडात, मोबाईल आडवा धरून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. दिशा खरी लिहा. पूर्वमुखी नसेल तर नसेल. वास्तू बघणारा माणूस होकायंत्र घेऊनच येतो.

किंमत सांगताना शेजाऱ्याने काय मागितली ते धरू नका, खरेदीखतात किती लागली ती सूची दोनवरून काढा. रोखीचं मात्र ठामपणे नाही म्हणा. "निम्मे वर, निम्मे खाली" असं सहज बोललं जातं, पण घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. शिवाय तुम्हाला हा पैसा बँकेतून इकडे आणायचाय. एनआरओ खात्यातून (एनआरआयच्या भारतातल्या पैशाच्या बँक खात्यातून) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम सीएच्या दाखल्यानिशी पाठवता येते. रोख घेतलेला पैसा तिथेच अडकून पडतो.

एवढं करूनही मार्चमध्ये जमलं नाही, तर निघण्यापूर्वी भावाच्या नावाने फक्त याच घरापुरतं मुखत्यारपत्र जळगावच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून या. मी ते इथे आल्यावर वकिलातीत केलं, आणि असा कागद भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं; पहिला कागद वाया गेला. पण मुखत्यारपत्र हे सही करण्यापुरतं. त्यावरच घर "देऊन टाकू" म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. आणि तशी वेळ आली, तर त्या घरात कोणीतरी राहायला ठेवा, एखादं नात्यातलं शिकणारं पोरगं का होईना. नळ रोज सुटला पाहिजे.

खरेदीखत झालं की त्याच आठवड्यात लाईटचं मीटर, घरपट्टी आणि सोसायटीचं खातं नव्या मालकाच्या नावावर करण्याचे अर्ज स्वतः सोबत जाऊन द्या. बोअरचा व्हॉल्व्ह कुठे आहे, टाकी भरायला किती वेळ लागतो, कोणत्या प्लंबरने काम केलंय, हे एका वहीत लिहून किल्लीसोबत द्या. फोटो आणि दोन रकान्यांचा कागद तयार झाला की मला पाठवा, रविवारी आमच्या सकाळी मी मोकळी असते, बसून बघते. वहिनींना सांगा, पाटा-वरवंटा आणायचा असेल तर खुशाल आणा, इथे सहज मिळत नाही.