जावातील खेड्यात शेतजमीन घेऊन स्थायिक होता येईल का?

पत्नी मध्य जावातील असून तिच्या गावी भातशेती घेऊन राहावे का, असे आपण विचारले आहे. राहणे शक्य आहे. जमीन आपल्या नावावर मात्र होणार नाही. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, परदेशी व्यक्तीला मिळत नाही आणि स्थानिक माणसाच्या नावाने छुप्या रीतीने केलेला व्यवहार रद्दबातल ठरतो. पत्नीच्या नावे घेतानाही दोघांची मालमत्ता वेगळी ठेवणारा करार हवा, कारण तो नसल्यास विवाहानंतरची मिळकत सामाईक मानली जाऊन तिचा हक्कही अडचणीत येतो. असा करार आता लग्नानंतरही करता येतो.

विक्रेत्याने 'लेटर सी'चा उतारा किंवा 'गिरिक' दाखवला तर थांबावे, ती जुनी महसुली नोंद आहे, मालकीचे प्रमाणपत्र नव्हे (आपल्याकडच्या सातबाऱ्याबद्दलही हाच गैरसमज असतो!). गावाच्या अधिकाऱ्यांना वेतनाऐवजी कसायला दिलेली 'बेंगकोक' जमीन विकत घेता येत नाही. शिवाय शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्याच्या परिसरात राहणारा असावा, असा जुना नियम आहे.

उत्पन्नाबाबत माझे मत सावध आहे. पाटपाण्याखाली वर्षाला दोन, कुठे तीन पिके निघतात. परंतु असंख्य कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षाही कमी जमीन आहे, बरीच शेती 'मारो' पद्धतीने, म्हणजे निम्म्या वाट्याने कसली जाते आणि तरुण मुले कामासाठी शहरांकडे जातात. त्यामुळे आधी वर्षभर भाड्याने राहून पाहावे.